काविळीची चौदा वर्षं

पेन सुतळीने टेबलाला बांधलेलं होतं, आणि गाठ चुकीची होती. ओढ बसली की सरकणारी. अशा गाठीवर आपण पाण्याची बादलीसुद्धा उचलली नसती, असं त्याच्या मनात आलं, आणि मग तो गाठीकडेच पाहत राहिला, कारण तिथून नजर काढली की ती कागदावर पडणार होती, आणि कागदावर सतरावा प्रश्न होता. आधीचे सोळा त्याने भराभर उरकले होते. फिट येते का – नाही. उंचावर चक्कर येते का – नाही. सतरावा : मानसिक आजारावर कधी उपचार घेतले आहेत का? पुढे दोन चौकोन, शर्टाच्या गुंडीएवढे. हो. नाही.

कारखान्याच्या दवाखान्यात हा कागद दरवर्षी समोर येई, आणि दरवर्षी तो ‘नाही’वर खूण करून पुढे जाई. हात अडखळला नव्हता कधी. खोटं बोलतोय असंही वाटलं नव्हतं, कारण ते खोटं त्याचं नव्हतंच, ताईचं होतं. तिने ते त्याच्यासाठी स्वेटरासारखं विणून दिलं होतं आणि त्याने ते अंगात घातलं होतं, एवढंच.

चौदा वर्षांपूर्वी अकरा दिवस त्याला झोप नव्हती. नळातलं पाणी त्याचं नाव घेतंय अशी त्याची खात्री झाली, आणि बाराव्या दिवशी त्याने घरातले सगळे नळ काढून चादरीवर ओळीने मांडून ठेवले. ताई कामावरून आली तेव्हा घरभर पाणी. ती ओरडली नाही. साडीचा ओचा वर खोचून ती त्या पाण्यात त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, “चल, आपण कुणाला तरी दाखवून येऊ.” मग तीन महिने ते दुसऱ्या गावचं इस्पितळ, आणि इकडे कारखान्यात रजेचा अर्ज, ताईच्या गोल अक्षरातला – कावीळ. परत कामावर निघताना तिने डबा हातात दिला आणि दारात एवढंच सांगितलं, “विचारलं तर कावीळ म्हण. कावीळ कुणालाही होते.”

कुणालाही होते. हे तिचं बोलणं त्याला अजून जसंच्या तसं ऐकू येई. पण कावीळ झालेल्या माणसाला कावीळ निभावावी लागते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आणून दिलं भोंग्याने.

तो स्वतः वर क्रेन चालवायचा – छताखाली रुळांवरून फिरणारी, बेचाळीस पायऱ्या चढून जावं लागे – म्हणून त्याला सगळे पायलट म्हणत. भोंगा खाली उभा राहून हातांनी खुणा करायचा. मूठ म्हणजे थांब, पंजा खाली म्हणजे सोड. ज्याचं कामच मुक्याचं, त्याचा आवाज मात्र भोंग्यासारखा, म्हणून ते नाव. पायलट कावीळ होऊन आला म्हटल्यावर पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये भोंग्याने त्याच्या ताटातलं तळलेलं सगळं उचलून स्वतःच्या ताटात घेतलं. तुझ्या लिव्हरची काळजी तुला नसेल, पण तू वरून खाली पडलास तर मी खाली उभा आहे, असं तो म्हणाला, आणि सगळं टेबल हसलं. तेव्हापासून चौदा वर्षं... पायलटने कँटीनमध्ये तळलेला एक तुकडा खाल्ला नव्हता. नवा वाढपी आला की भोंगा आधी जाऊन त्याला बजावून येई. माझ्या खोट्याची एवढी निगा मी स्वतःसुद्धा राखली नाही, असं त्याला वाटे.

आणि गोळ्या ताई आणायची. दर महिन्याला ती एकटी बसने जाऊन त्या इस्पितळातून आणायची, कारण त्याला कुणी तिथे पाहू नये. रोज रात्री पाण्याच्या पेल्याशेजारी गोळी ठेवलेली असे. ती येते कुठून हे त्याने कधी विचारलं नाही. चार महिन्यांपूर्वी ताई गेली. छातीत कळ आली म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत संपलं. डब्यातल्या गोळ्या आणखी दोन महिने पुरल्या. नंतर पेला नुसताच... इस्पितळात गोळ्यांची खिडकी कुठल्या बाजूला आहे, तिथे काय म्हणून मागायचं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. बावन्न वर्षांचा माणूस, तीस टनांचा साचा टाचणीसारखा अलगद ठेवणारा, आणि एका खिडकीपुढे उभं राहायला घाबरतो!

गेल्या मंगळवारी भोंग्याने मूठ दाखवली. मूठ म्हणजे थांब. त्याने मूठ पाहिली, स्पष्ट पाहिली, आणि त्याला वाटलं, या मुठीत काहीतरी आहे, माझ्यापासून लपवलेलं. एक श्वास... दोन श्वास... आणि मग हात दांड्यावर गेला. तेवढ्यात साचा हातभर पुढे झुलला होता. खाली तिघे होते. ते नुसते मागे सरकले, शिवी हासडली, हसले. भोंगा हसला नाही. त्याने वर पाहिलं, बराच वेळ. मग जेवताना नेहमीसारखं ताटातलं उचललं आणि म्हणाला, ताई गेल्यापासून तुझी झोप झालेली दिसत नाही.

‘हो’वर खूण केली तर काय होतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बॉयलरवर एक जण होता, त्याने दोन वर्षांपूर्वी केली. त्याला गेटवर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना पास द्यायला. काम वाईट नव्हतं. पण लोक त्याच्याशी सावकाश, मोठ्याने बोलू लागले, लहान मुलाशी बोलावं तसं, आणि तो खरोखरच तसा होत गेला. आता पास देतानाही दोनदा विचारतो, बरोबर दिला ना?

मी तसा होईन. बेचाळीस पायऱ्या खाली... आणि वर दुसराच कुणी बसेल, आणि भोंगा त्याला मूठ दाखवील.

नर्सबाईंनी कागद घेतला, सतरावा राहिलाय म्हणाल्या, आणि त्याने काही म्हणायच्या आत तसाच आत नेऊन ठेवला, कारण मागे रांग होती.

डॉक्टरीणबाई नव्या होत्या, त्याच्या भाचीच्या वयाच्या असाव्यात, भाची असती तर. त्यांनी त्याला एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले. तो हलला नाही. टेबलावर झोपवून पोट दाबलं. मग जुने कागद चाळू लागल्या, एकेक करून, मागे मागे, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. दरवर्षी तुमचं लिव्हर तपासलंय, त्या म्हणाल्या, आणि दरवर्षी ते नव्या भांड्यासारखं आहे. मग सहजच, पान उलटता उलटता, त्यांनी विचारलं,

“काविळीच्या वेळी तीन महिने कुठल्या इस्पितळात होतात?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ताईने याचं उत्तर विणून ठेवलं नव्हतं.

दाराबाहेर भोंग्याचा आवाज येत होता. रांगेत त्याचा नंबर पुढचा होता, आणि तो नर्सबाईंना सांगत होता की आमच्या पायलटला ते चहाबरोबर देता ते तेलकट बिस्कीट देऊ नका, त्याला चालत नाही, तो भिडेखातर घेईल. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही त्याच्या आई आहात का? रांग हसली.

“कावीळ नव्हती ती,” तो म्हणाला.

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा लहान आला. बाईंनी पेन खाली ठेवलं, पण टोपण लावलं नाही. तो पोटावरचा शर्ट ओढून घेत उठून बसला.

वजन उचलताना आधी वीतभरच उचलायचं, आणि थांबायचं. साखळी ताणते, खालची जमीन सुटते, आणि त्या एका क्षणी वजन कुठल्या बाजूला कलणार हे कळतं. तोवर पुढे जायचं नाही. हे त्याला शिकवलं होतं, त्याने दुसऱ्यांना शिकवलं होतं. तसं काहीतरी आत्ता त्याच्या आत जमिनीपासून सुटलं होतं. वीतभर. चौदा वर्षं एका जागी ठेवलेलं. ते एवढं जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ते किंचित फिरत होतं, कुठे कलेल ते कळत नव्हतं, आणि सवयीने तो खाली पाहत होता, हात दिसतोय का... मूठ, की पंजा. खाली फक्त त्याचे स्वतःचे अनवाणी पाय होते, पांढऱ्या फरशीवर. बाहेर भोंगा अजून बोलत होता.