भावाची दुसरी तारीख

वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले, तेव्हाच डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना बजावलं होतं, "चाळीस पूर्ण झाली की दुर्बिणीतून आतडं तपासून घ्या. त्रास व्हायची वाट बघू नका." मी तपासून घेतलं. धाकटा भाऊ सत्तेचाळीसचा झाला, तरी ढिम्म.

तो लिफ्टचा मेकॅनिक. दर महिन्याला दोर, ब्रेक, दारं तपासतो. चांगली चालू लिफ्ट का बंद केली म्हणून कुणी कुरकुरलं, तर त्यालाच फैलावर घेतो, "पडल्यावर तपासू का?" पण त्याच्या तपासणीचा विषय काढला की, "ताई, मला काय धाड भरलीय? दगड पचवतो मी!"

"बाबांनाही आधी काही होत नव्हतं."

"बाबांचं वेगळं होतं."

काय वेगळं, ते सात वर्षांत त्याला सांगता आलं नाही.

शेवटी मीच तारीख घेतली. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ आणि संध्याकाळपासून पोट साफ करायचं औषध, दोन लिटर. सकाळी सातला आम्ही दवाखान्यात हजर. नर्सने विचारलं, "औषध सगळं घेतलंत ना?"

याने माझ्याकडे चोरून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अर्धं. उरलेलं बेसिनमध्ये ओतलं. भूक लागली, म्हणून दोन सँडविच..."

नर्सने फाईल मिटली. "मग आत काही दिसणारच नाही. पुढची तारीख दीड महिन्याने."

पार्किंगमध्ये मी एवढी ओरडले, की रखवालदार केबिनमधून बाहेर आला. "मी रजा काढली, तुझ्या बायकोने काढली, आणि तू सँडविच हाणतोस?"

तो बुटांकडे बघत राहिला. "चव फार घाण आहे गं त्याची." मग म्हणाला, "आणि बाबांसारखं निघालं तर?"

राग उतरायला हवा होता, उलट वाढला. एवढंच सांगायला याला सात वर्षं लागली!

दुसऱ्या वेळी मी त्याच्या घरी ठाण मांडून बसले. त्याच्या बायकोने फ्रिजसमोर खुर्ची टाकली. हा नाक दाबून ग्लासामागून ग्लास रिचवत होता, संडासाकडे पळत होता आणि आतून आम्हा दोघींचा उद्धार करत होता.

तपासणी अर्ध्या तासात उरकली. गुंगीत त्याला काही कळलंही नाही. आत वाटाण्याहून मोठी गाठ होती, ती तिथल्या तिथे काढली. आठवड्याने डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, "कॅन्सर नाही. पण ही राहिली असती, तर पुढे त्याच वाटेने जाऊ शकली असती. तीन वर्षांनी परत तपासू."

मला रडू फुटलं. हा मात्र खुर्चीत ऐसपैस रेलला. "बघ! म्हणजे काही नव्हतंच. उगाच डोकं खाल्लंस माझं."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. हे त्यांना नवीन नसावं.

"तीन वर्षांनंतरची तारीख आत्ताच लिहून द्या," मी म्हणाले. "आणि चिठ्ठी माझ्या हातात द्या."