पाठमोरे सिंह

तालावेराच्या कुंभारवाड्यात भट्टी उघडेपर्यंत कुणाच्याच घशाखाली घास नीट उतरत नाही. कासिल्दानं तर पाण्यावरच दिवस काढला होता. भट्टी पेटल्यावर तिनं खाक्याचा, म्हणजे चित्राच्या रेघा टोचलेला कागद झटकायला घेतला आणि तो उलटसुलट करून पाहिला. कोळशाची पूड कागदाच्या दोन्ही बाजूंना होती!

मठाच्या औषधांच्या बरण्या होत्या त्या, तिथल्या औषधशाळेत मरियामातेच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांच्या फळ्यांवर मांडायच्या. प्रत्येकीवर मठाच्या चिन्हातला सिंह, तोंड नेहमी डावीकडे. टोचलेला कागद बरणीवर धरायचा, पुडीची पुरचुंडी थोपटायची, उमटलेल्या ठिपक्यांवरून कुंचला फिरवायचा. रंगवण्याच्या दिवशी जेवणानंतर कासिल्दानं कागद उलटा धरला होता. अर्धे सिंह उजवीकडे तोंड करून निघाले होते.

सासरे बेर्नाबे मास्तरांनी आधीच बजावलं होतं, "सूनबाई, पुन्हा चूक झाली तर कुंचला ठेवायचा आणि माती तुडवायला जायचं." आणि नवरा गेल्यापासून तिचा जीव रमायचा तो त्या कुंचल्यातच.

भट्टी निवली. पहिली बरणी निघाली. लेप दुधासारखा पांढरा, काळपट रेघा निळ्याशार झालेल्या. मास्तर खूश झाले. दुसरी हातात घेतली नि थबकले.

"हा कुठं पळत सुटलाय?"

"मामंजी, कागद उलटा धरला मी. अर्धे असेच आहेत."

"अगं, पाठ फिरवलेला सिंह म्हणजे पळपुटा! मठाची अब्रू वेशीवर टांगलीस की!"

तेवढ्यात औषधशाळेचे फादर अनाक्लेतो दारात खेचरावरून उतरले. आता लपवणार काय आणि कुठं? फादरांनी बरण्या निरखल्या. मग त्या बाकावर मांडू लागले, काही या बाजूला, काही त्या बाजूला, मध्ये मोकळी जागा.

"मास्तर, धन्य आहे तुमची! जुन्या बरण्यांतले डाव्या फळीवरचे सिंह मातेकडे पाठ करून उभे होते. मठाधिपती रोज माझ्यावर डाफरायचे. आता दोन्हीकडचे तिलाच बघतील!"

मास्तर खाकरले. "आमच्या घरात सगळं विचार करूनच होतं, फादर."

कासिल्दानं पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावला. हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. सुटले बाई, असं तिला झालं.

फादर गेल्यावर मास्तरांनी खाक्याचा कागद तिच्यापुढे टाकला. "एका बाजूला मोठी खूण कर, म्हणजे सुलटी बाजू कळेल."

"आणि माती, मामंजी?"

"ती तुडवायला माझे पाय शाबूत आहेत अजून. तू बस कुंचला घेऊन."