दाराशेजारची घडीची खुर्ची

कंपनीची सहल ज्याच्या गळ्यात पडते, त्याची झोप उडते. त्या वर्षी ती कुसाकाबेच्या गळ्यात पडली. कंपनी बटणांची, आणि हा तिथल्या सामान्य कारभार खात्याचा उपप्रमुख. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही असा माणूस. गरम झऱ्यांच्या गावी जायला त्याने खास गाडी ठरवली. बूट दारात काढायचे, आत तातामीच्या चटयांवर बैठक मारायची, पुढ्यात बुटकी मेजं, आणि एका टोकाला चित्र टांगलेला कोनाडासुद्धा. रुळांवरून धावणारा दिवाणखानाच म्हणा ना.

उत्तरेला, पार कुशिरोला, कंपनीचा नवा कारखाना निघत होता आणि सहलीनंतर कुणाची तरी तिकडे उचलबांगडी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जायचं ते एकट्याने, बायकोमुलांना मागे ठेवून, चार-पाच वर्षं. कुसाकाबेला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली होती. ती मिओ आता तीन वर्षांची होती आणि बापाच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय झोपत नव्हती. त्याला जायचं नव्हतं. तसं तोंडाने म्हणायची आपल्याकडे सोय कुठे? म्हणून सहल बिनबोभाट पार पाडायची आणि कुणाच्या नजरेत यायचं नाही, एवढाच त्याचा बेत होता.

बसण्याच्या जागा ठरवण्यात त्याचा आठवडा गेला. कोनाड्यापुढे अध्यक्ष हाचिसुका, त्यांच्या दोन्ही हातांना संचालक, मग खातेप्रमुख, आणि असं मान घटत घटत दारापर्यंत. दाराच्याही बाहेर, डब्याच्या बोळात, बुटांच्या फळ्यांशेजारी, भिंतीला एक घडीची खुर्ची होती. खाली ओढली तर बूड कसंबसं टेकेल एवढी जागा. उठलं की फटकन भिंतीत परत. समोरच्या भिंतीवर तशीच दुसरी. सहलीबरोबरच्या वाटाड्यासाठी केलेल्या त्या खुर्च्या. कुसाकाबेने त्यातली एक स्वतःला नेमून दिली आणि मनात म्हणाला, इथे बसलेल्याकडे कोण कशाला बघतंय?

गाडी डोंगर चढू लागली तेव्हा अध्यक्ष बाहेर आले. वय अठ्ठ्याहत्तर. कुसाकाबे ताडकन उठला, खुर्ची फटकन मिटली. अध्यक्षांनी ती स्वतःच्या हाताने ओढली, बसले आणि पाय लांब केले.

"ही जागा कुणाची रे?"

"माझी, साहेब. क्षमा असावी."

"क्षमा कसली? गुडघे केव्हाच कामातून गेलेत माझे. तिथे आत बसणं म्हणजे शिक्षा आहे नुसती. कुणाला बोलू नकोस." त्यांनी गुडघे चोळले. "मोठी सोय केलीस बघ. बोल, तुला काही हवंय का?"

मला कुशिरोला पाठवू नका, बस, एवढंच कुसाकाबेला म्हणायचं होतं. पण वरच्या माणसाने पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की संकोचायचं आणि तिसऱ्यांदा काय ते सांगायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं.

"छे छे, साहेब. मला कशाला काय हवं?"

"वा," अध्यक्ष म्हणाले, आणि खिडकीबाहेर पर्सिमनच्या फळांनी लगडलेली झाडं बघत बसले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. कुसाकाबे वाट बघत उभा राहिला. बोगदा आला, गेला.

"अजून इथेच तू? जा, माझ्या जागी जाऊन बस. जागा रिकामी दिसली की येतील सगळे मला हुडकत."

हुकूम तो हुकूम. कुसाकाबे आत जाऊन कोनाड्यापुढच्या जांभळ्या गादीवर टेकला. आता संचालकांना डोळे होते की! अध्यक्ष बाहेर, तर मानाची जागाही बाहेर. सगळ्यांत थोरले संचालक आवाझु आधी उठले, मागोमाग बाकीचे. समोरची घडीची खुर्ची एकच.

"आपण बसा."

"छे, माझी काय पात्रता? आपणच."

एकाने ओढायची, दुसऱ्याने नको म्हणायचं, की खुर्ची फटकन वर. अर्धा तास हेच चाललं आणि शेवटी बसलं कुणीच नाही. साहेब लोक उभे म्हटल्यावर खातेप्रमुख कसे बसणार? ते उठले. मग त्यांच्या हाताखालचे. बघता बघता सगळी कंपनी हात धुण्याच्या बेसिनपासून संडासाच्या दारापर्यंत पोटं आत घेऊन उभी, आणि मधोमध म्हाताऱ्याने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलेलं. आत जेवणाचे डबे थंड होत होते. सबंध दिवाणखान्यात एकटा कुसाकाबे, तोही सर्वांत वरच्या गादीवर. दोनदा तो उठायला गेला. दोन्ही वेळा अध्यक्षांनी एक डोळा उघडून बस म्हणून खुणावलं.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी जेवणाला आवाझु स्वतः त्याच्या शेजारी येऊन बसले आणि स्वतःच्या हाताने त्याला साके, तांदळाची दारू, ओतू लागले.

"कुसाकाबे, गाडीत अध्यक्ष तुझ्याशी काय बोलले?"

गुडघ्यांचं तर बोलायचं नव्हतं. "काही हवंय का, असं विचारलं, साहेब."

"आणि तू?"

"काही नको म्हणालो."

आवाझुंनी साकेचं भांडं खाली ठेवलं. "पोहोचलेला आहेस रे! आणि आम्ही तुला ओळखलंच नाही. खरं सांगू? कुशिरोसाठी तुझं नाव कुणाच्या डोक्यातही नव्हतं. विक्री खात्यातल्या नेझूला धाडायचं पक्कं झालं होतं. पण खुद्द अध्यक्षांनी ज्याला आपल्या गादीवर बसवलं, त्याला खात्यात कुजवायचं म्हणजे आमचीच शोभा. आत्ताच ठरवलं आम्ही सगळ्यांनी. तिथला कारखानाप्रमुख तू."

आवाझुंनी उठून ते जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. नेझूने तर उभं राहून वाजवल्या, आणि त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. अध्यक्षही लांबून हसले. पोराचं भलं झालं, असंच वाटलं असणार त्यांना.

कुसाकाबेने पुढे सरकून दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि कपाळ खाली लावलं. माझ्यासारख्या सामान्य माणसावर केवढी ही कृपा, हे नेहमीचे शब्द तो अडखळत म्हणाला. मग मात्र त्याला डोकं वर करवेना. टाळ्या थांबल्या, लोक पुन्हा जेवायला लागले, तरी तो तसाच.

"बघा," आवाझु शेजारच्याला म्हणाले, "माणसात नम्रता असावी तर अशी."