झंझावाताचं माप

“श्वास सोडा काका. पोट आत ओढून माप दिलंत की नंतर शिवण उसवते.”

“पोट नाही ते मावशी, अनुभव आहे,” म्हणत काका हात पसरून उभे राहिले.

मावशींनी त्यांच्या कमरेभोवती टेप फिरवली खरी, पण आकडा लिहून घेतला नाही. झंझावाताच्या नव्या पोशाखाचं चित्र बागेच्या साहेबांनी सकाळीच पाठवलं होतं. सोबत मापांची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीतली कंबर काकांची नव्हती.

मुलांच्या त्या बागेत मावशी सव्वीस वर्षं कपडे शिवत होत्या आणि काका तितकीच वर्षं पोशाख चढवून झंझावात होत होते. कॉमिकमधला झंझावात बदलला की बागेतलाही बदलायचा. पहिला पोशाख पिवळा, सुती. त्यावर लाल चड्डी, घोट्यापर्यंत केप आणि डोळ्यांपुरता मुखवटा. केप दोनदा झोपाळ्यात अडकली, तेव्हा मावशींनीच ती कापून गुडघ्यापर्यंत आणली. पुढे कॉमिकमध्येही ती आखूड झाली, तर काका सगळ्यांना सांगत सुटले, “आमच्या मावशींची नक्कल केली!”

मग एका वर्षी चड्डीच गेली. काका पडद्याआडून बाहेर येईनात.

“मावशी, चड्डी विसरलात.”

“विसरले नाही. आता तो घालत नाही.”

“त्याचं ठीक आहे हो, तो कागदावर असतो. मला चारचौघांत जायचंय!”

पुढे पिवळ्याचा काळा झाला. छातीला, दंडांना स्पंजचे स्नायू आले. “जन्मभर व्यायाम टाळला, त्याचं चीज झालं,” काका म्हणाले. या सगळ्यात मुखवटा मात्र तेवढाच राहिला. त्याच्याखाली काकांचं फटीच्या दातांचं हसू दिसायचं आणि रडणारी मुलं ते बघून गप्प व्हायची.

“चित्र दाखवा की,” काका म्हणाले.

मावशींनी दाखवलं. काकांनी ते उजेडाकडे धरलं. “याचं तोंड कुठाय?”

“झाकलंय. डोळ्यांच्या जागीपण काचा आहेत.”

“म्हणजे आत कोण आहे ते कळायचंच नाही.”

मावशी टेप गुंडाळू लागल्या. टेबलावरची चिठ्ठी काकांनी आपणहून उचलली. “अठ्ठावीस,” त्यांनी वाचलं. मग खुर्ची ओढून सावकाश बसले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते असेच बसत.

“मी तुम्हाला सांगणार होते, पण...”

“तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? कोण आहे?”

“तिकीटखिडकीवरच्या ताई. शाळेत असताना कसरतीत बक्षिसं मिळवायच्या म्हणे.”

“दोन मुलांची आई?” काका क्षणभर बघतच राहिले आणि मग खोखो हसले. डोळे पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. “बोलवा त्यांना. नुसता पोशाख घालून भागत नाही.”

आठ दिवस त्यांनी ताईंना शिकवलं. “हसू दिसणार नाही, तेव्हा मानेनं हसायचं. आणि रडणाऱ्या मुलाकडे चालत जायचं नाही. खाली बसायचं. त्याला यायचं असेल तर येईल.”

रविवारी दुपारी नवा झंझावात मैदानात उतरला. काका साध्या सदऱ्यात, मावशींसोबत कठड्यापाशी उभे होते. त्या काळ्या काचा बघून एक चिमुरडी किंचाळली आणि वडिलांच्या पायांमागे लपली. झंझावात थांबला. एक गुडघा जमिनीला टेकून बसला, मान किंचित कलती केली आणि तसाच राहिला. काकांच्या मुठी आवळल्या होत्या. बऱ्याच वेळानं ती पोर बाहेर आली आणि तिनं काचेवर एक बोट ठेवलं.

“जमलं ताईंना,” काका पुटपुटले.

त्यांच्या मागे एक बाई मुलाला घेऊन उभी होती. ती त्याला सांगत होती, “मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हापासून हाच आहे इथे.” मग काकांकडे बघून तिनं विचारलं, “हो ना हो? हाच ना?”

“हाच,” काका म्हणाले, आणि बाजूला सरकून त्यांनी तिच्या मुलाला कठड्यापाशी जागा करून दिली.