वाळूतला मासा

पंपवाल्यांनी खिशातून लांब पेचकस काढला, त्याचं टोक टाकीच्या काचेला टेकवलं आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहिले. दुकानदार हातात जाळी घेऊन बघतच राहिला. शेजारी उभी असलेली सून मात्र लाजेने अर्धी झाली. दुकानात माशांनी भरलेल्या एवढ्या टाक्या असताना सासऱ्यांनी कान लावला होता तो नेमका रिकाम्या टाकीला. आत तळाशी वाळू, लाकडाचा एक तुकडा आणि दोन-तीन सुकी पानं, बाकी काही नाही.

पेचकसाचं तिला नवल नव्हतं. सासऱ्यांनी उभा जन्म पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात घालवला होता, आणि बेअरिंग गेलंय की व्हॉल्व्ह चिकटलाय हे ते असंच मूठ कानाला लावून सांगत. तिला धास्ती होती ती त्यांच्या डोळ्यांची. हल्ली कप उचलण्याआधी ते बशी चाचपत. पेपर आला की ‘वाचण्यासारखं असतं काय त्यात’ म्हणून बाजूला सारत. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला तो बोलेपर्यंत ओळख देत नसत, आणि बोलला की असे मोकळे हसत की समोरच्याला शंकाही येऊ नये. वेळ मारून नेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

डॉक्टरांचं नाव काढलं की एकच उत्तर ठरलेलं: मला सगळं दिसतंय. तिच्या नवऱ्याने एकदा विषय ताणून धरला, तर बापलेकांत आठवडाभर अबोला झाला. आता उशीर केला तर आहे ती नजरही हातची जाईल, असं लक्षणं ऐकून डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तिने हा बेत केला. घरच्या टाकीत तळाशी वावरणारा एखादा छोटा कॅटफिश असावा, ही सासऱ्यांची जुनी हौस. माशांचं दुकान आणि डोळ्यांचा दवाखाना एकाच रस्त्यावर. मासा घेऊ आणि जाता जाता दाखवून येऊ, असं तिने बसमध्ये हळूच सुचवलं. मासा घ्यायचा आणि सरळ घरी यायचं, एवढं बोलून ते खिडकीकडे तोंड करून बसले.

दुकानदाराने त्यांना बरेच कॅटफिश दाखवले होते. पट्टेवाला मोठेपणी वीतभर होतो म्हटल्यावर पंपवाल्यांनी मान हलवली. घरचे मासे काडीएवढे, हा रात्रीतून त्यांचा फडशा पाडेल. ठिपकेवाले स्वभावाने गरीब, पण एकटे ठेवले की झुरतात, पाच-सहा तरी घ्यावे लागतात, आणि घरच्या टाकीत तेवढी जागा नव्हती. शेवटी सुनेनेच एक पिवळाधमक मासा शोधून काढला. निदान एवढा तरी त्यांना दिसेल, असं तिला वाटलं.

“हा बघा बाबा, हळदीसारखा आहे.”

“वा. छान आहे की,” ते म्हणाले. ते भलत्याच टाकीकडे बघत होते.

आणि आता ही रिकामी टाकी. इथे काही नाही हे सांगावं तर परक्या माणसासमोर त्यांना तोंडावर पाडल्यासारखं, आणि न सांगावं तर किती वेळ असं उभं राहायचं, तिला काही सुचेना.

“आहे,” डोळे न उघडताच ते म्हणाले. “वाळूत काहीतरी सरकतंय. मोटरचा आवाज वेगळा, हा वेगळा.”

दुकानदाराला हसू आलं. आहे खरा, म्हणाला, एकच उरलाय. हाही कॅटफिशच, बोटाएवढा होतो आणि तिथेच थांबतो. दिसायला वाळक्या पानासारखा. दिवसभर वाळूत स्वतःला पुरून घेतो, कुणाच्या वाटेला जात नाही, दिवे मालवले की बाहेर येऊन खातो. पण गिऱ्हाईक टिकत नाही. दिसत नाही म्हणून लोक चार दिवसांत परत आणून देतात.

“तुम्हाला दिसतोय का आत्ता?” पंपवाल्यांनी विचारलं.

“सकाळी दिसला होता. आता नाही सांगता येणार.”

“आणि तुला?”

सून वाकली. आता तिलाही उत्सुकता लागली होती. काचेला नाक लावून तिने एकेक पान न्याहाळलं, एखादी मिशी हलते का बघितली, लाकडाखाली पाहिलं. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली, ती पुसून तिने पुन्हा पाहिलं.

“नाही दिसत, बाबा.”

“मलाही नाही दिसत.”

सहज बोलल्यासारखे ते बोलले. मग पेचकस सदऱ्याला पुसत, काचेकडेच तोंड ठेवून म्हणाले, “हा नाही, आणि तो मघाचा पिवळाही नाही. ज्याच्याकडे बघावं त्याच्या बरोबर मध्ये काळं येतं. कडेकडेने दिसतं थोडं.”

दुकानदार दुसऱ्या टाकीचं झाकण पुसायला निघून गेला. सून त्यांच्याजवळ सरकली.

“आधी का नाही बोललात?”

“पंप बंद पडायच्या आधी कितीतरी दिवस आवाज बदलतो,” ते म्हणाले. “पण लोक बोलावणार ते बंद पडल्यावरच. जन्मभर मी त्यांना शिव्या घातल्या.”

दुकानदार परत येऊन त्या माशासाठी पिशवीत पाणी भरू लागला तसं त्यांनी त्याला हात करून थांबवलं.

“मासा माझा झाला, पण आत्ता नको काढूस. डोळ्यांत थेंब घालून तास-तासभर बसवून ठेवतात म्हणे. तेवढा वेळ तो पिशवीत कशाला?”

थेंबांचं तिने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे घरात कुणाला कळू न देता त्यांनी कुठेतरी विचारून ठेवलं होतं. दाराशी आल्यावर ती थांबली.

“पायरी आहे, बाबा.”

एरवी ते म्हणाले असते, दिसतेय मला. त्यांनी पाऊल पुढे केलं, पायरीची कड चाचपली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“हं,” ते म्हणाले. “सांगत जा.”