पिवळी रेघ

"अजून दाब!" मिस्त्री ओरडले.

"तळाला टेकलाय पाय!" धाकटा गाडीतून तितक्याच जोराने ओरडला.

रोलरवर पट्ट्यांनी जखडलेल्या लाल स्पोर्ट्‌स कारची मागची चाकं जागच्या जागी गरगरत होती. पडद्यावरचा अश्वशक्तीचा आकडा एकशे चाळीसपर्यंत चढला आणि तिथेच अडून बसला. धाकट्याने इंजिन बंद केलं, उतरून दार आपटलं.

"बघितलंस, ताई? हे तुझ्या बाबांचं काम."

"तुझेही होते," ती म्हणाली.

वडील जाऊन तीन आठवडे झाले होते. गेल्या वर्षीची शर्यत हरल्यापासून धाकट्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. दवाखान्यात एकदाही फिरकला नाही. आज आला, तोही त्यांच्याच गॅरेजमध्ये, गाडीसाठी.

मिस्त्रींनी बॉनेट उचललं. सोळाशेचं जुनं इंजिन काढून वडिलांनी दोन हजार सीसीचं बसवलं होतं. त्यावर टर्बो, मोकळा सायलेन्सर. आवळलेल्या प्रत्येक नटावर त्यांनी ओढलेली पिवळी रेघ होती. नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी, ही त्यांची रीत.

"रंगकाम मात्र झकास," धाकटा म्हणाला.

मिस्त्री बराच वेळ वाकून पाहत राहिले. "जोडणीत खोट नाही. दोनशेच्या खाली यायला नको हे. पण हवाच ओढत नाहीये. पैलवानाचं नाक दाबून धरावं तसं."

"म्हणजे म्हाताऱ्याला जमलं नाही. काढून टाका, तीन लिटरचं बसवा. रविवारी शर्यतीला सगळे असतील. कुणामुळे हरलो होतो, ते सांगणार आहे मी सगळ्यांना."

"चाळीस वर्षं हात काळे केले बाबांनी," ती म्हणाली. "त्यांच्या नावाला—"

"नावाचं काय लोणचं घालू?"

"पहिली गाडी वळणावर कुणी उलटवली, ते पण सांग मग."

त्याचा हात हनुवटीखालच्या टाक्यांच्या व्रणावर गेला. तो पाठ फिरवून मिस्त्रींबरोबर बॉनेटखाली वाकला.

ती ड्रायव्हरच्या दाराशी गुडघ्यांवर बसली. या गाडीत तो दुसऱ्या कुणाला बसूच देत नसे. तिने हाताने अॅक्सिलरेटर दाबला. अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन तो टक्‌ करून थांबला. तिने चटई उचलली. पेडलखाली अंगठ्याएवढा बोल्ट उभा होता. त्याच्या नटावर पिवळी रेघ होती.

शेजारच्या ट्रेमधून तिने पाना उचलला. बोल्ट निघाला की आकडा दोनशेवर जाईल. दोघांच्या देखत जाईल. तिने जोर लावला. नट सुटला, रेघ तुटली.

बॉनेटच्या आडून धाकट्याचा आवाज आला. "तुम्ही फक्त गाडी पळती करून द्या, मिस्त्री. वळणावर तेव्हाही पाय उचलला नव्हता, रविवारीही उचलणार नाही."

पाना तिच्या हातात तसाच राहिला.

मग तिने नट उलटा फिरवला; रेघेची दोन टोकं एकमेकांना भिडेपर्यंत आवळला.

"काय करतेयस तिथे?"

"काही नाही. चटई सरकली होती." ती उठली, गुडघे झटकले. "बरोबर आहे तुझं. बाबांना जमलं नाही ते."