पदराच्या गाठीतल्या गोळ्या

पाथर्डीकडची भामाबाई श्रीगोंद्याच्या उसाच्या फडावर पहाटे उठायची ती गुडघ्यांना शिव्या घालतच. मग कोऱ्या चहाबरोबर दुखण्याची गोळी. भाकरी दुपारी, गाडी भरल्यावर. फडातल्या साऱ्याच बाया असंच करत. गोळी मिशरीसारखी हातोहात फिरायची. शौचाला काळी व्हायला लागली, तेव्हाही तिला वाटलं, मिशरीच पोटात गेली असेल. आज मोळी उचलताना चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे नवऱ्यानं तिला दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “रोज उपाशीपोटी ही गोळी खाऊन पोटात जखम झालीय. आतून रक्त जातंय. आता ही गोळी बंद.”

“बाई, गोळी बंद केल्यावर मोळी कोन उचलंल?” भामाबाईनं भिंतीला डोकं टेकलं. तिला भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

“मावशी, ही गोळी कुणीही उठून खायची नसते. पोटात जुनी जखम असेल, किडनी अधू असेल, बाई पोटुशी असेल, तर विचारल्याशिवाय तोंडात घालायची नाही.”

भामाबाईचा हात पदराच्या गाठीकडे गेला. गाठ रिकामी होती. सकाळीच उरलेल्या गोळ्या तिनं सुनेच्या हातावर ठेवल्या होत्या. सायलीला सातवा महिना. पोर कंबर धरून ऊस तोडत होती. ‘खा गं, लगेच उतार पडंल,’ असं तिनंच मायेनं सांगितलं होतं.

ती नवऱ्याकडे वळली. “आवं, फडात फोन लावा. सायलीला म्हनावं, सासूनं दिल्यालं तोंडात घालू नगं.”